ईव्हीएमचा खरा खर्च कुठे होतो आणि पुढे या मशीनचं काय होणार

तुमचा प्रश्न असा आहे की ईव्हीएमवर सरकार हजारो कोटी घालतंय, त्यापेक्षा बॅलेट पेपर स्वस्त पडला नसता का, आणि आता गावोगाव बॅलेटची मागणी होतेय ती बघता ही मशीनं पुढच्या दहा वर्षांत टिकतील की भंगारात जातील. शेवटी हेही लिहिलंय की येत्या निवडणुकीत तुम्ही पहिल्यांदाच पोलिंग एजंट, म्हणजे मतदान केंद्रावर उमेदवाराचा प्रतिनिधी, म्हणून बसणार आहात, तर नेमकं काय बघायचं. मी महसूल खात्यातला माणूस, निवडणूक शाखेत बरीच वर्षं काढली, मशीनच्या गोदामापासून मतमोजणीच्या टेबलापर्यंत सगळीकडे काम केलंय, आता रिटायर आहे. उत्तर जरा लांबणार आहे, कारण हा विषय दोन ओळीत उरकला की लिहिणाऱ्याला लोक लगेच एका बाजूला ढकलून मोकळे होतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मशीन विकत घ्यायला गेलेला पैसा वाया गेला असं मला वाटत नाही. पण या सेटमधला सगळ्यात महागडा डबा म्हणजे व्हीव्हीपॅट, मत कुणाला गेलं त्याची कागदी चिठ्ठी छापून दाखवणारा, तो आपण घेतला कशासाठी तर मतदाराची आणि हरलेल्या उमेदवाराची खात्री पटावी म्हणून, आणि आपल्याकडे विधानसभेला अशा डब्यांपैकी जेमतेम दीड टक्का उघडून त्यातल्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. पैसा अक्कलखाती जातोय तो इथे.

आता आकडे बघा. १९८९-९० मध्ये पहिल्यांदा मोठ्या संख्येने मशीनं घेतली तेव्हा बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो ते) आणि कंट्रोल युनिट (मतं साठवून मोजतं ते) मिळून एक सेट साधारण ५,५०० रुपयांना पडला. २००६ ते २०१० मध्ये आलेलं एम-२ मॉडेल ८,६७० रुपयांना होतं, आणि २०१३ नंतरचं एम-३, जे आता वापरात आहे, ते अंदाजे १७,००० ला. व्हीव्हीपॅट यात नाही, ते वेगळं. २०२३ च्या सुमाराला केंद्रीय निवडणूक आयोगाने कायदा मंत्रालयाला जो अंदाज कळवला त्यात बॅलट युनिट ७,९००, कंट्रोल युनिट ९,८०० आणि व्हीव्हीपॅट १६,००० असा दर धरला होता, बेरीज केली तर ३३,७०० होतात आणि त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या व्हीव्हीपॅटचे. एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ लाख १५ हजार व्हीव्हीपॅट घ्यायला ३,१७३ कोटी ४७ लाख रुपये मंजूर केले. हा आकडा किती मोठा ते कळण्यासाठी एवढंच ध्यानात घ्या की २०१४ ची अख्खी लोकसभा निवडणूक सरकारी तिजोरीला सुमारे ३,८७० कोटींना पडली होती. म्हणजे फक्त चिठ्ठी दाखवणारा डबा घ्यायलाच एका लोकसभेच्या खर्चाच्या जवळपास रक्कम गेली. ते चूक झालं असं मी म्हणत नाही, ऑक्टोबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कागदी पुरावा आवश्यक आहे असं स्पष्ट सांगितलं होतं आणि ते बरोबरच होतं. मुद्दा एवढाच की घेतलं कशाला हे विसरू नये.

दरडोई बघितलं तर चित्र जरा निवळतं. लोकसभा आणि सगळ्या विधानसभांच्या निवडणुका एकाच वेळी घेतल्या तर दर १५ वर्षांनी नवीन मशीनं घ्यायला अंदाजे १०,००० कोटी लागतील असं आयोगाचं म्हणणं आहे. १५ वर्षं म्हणजे मशीनचं आयुष्य. वर्षाला साधारण ६६७ कोटी झाले, आणि २०२४ ला देशात ९७ कोटींच्या आसपास मतदार होते, म्हणजे मतदारामागे वर्षाला सात रुपये. त्यामुळे "मशीनमुळे देश कंगाल झाला" हे जे फॉरवर्ड फिरतात त्यात मला अजिबात दम वाटत नाही.

खर्च वाढवणाऱ्या काही गोष्टी तर आयोगाच्या हातातच नसतात. एका बॅलट युनिटवर नोटा धरून १६ नावं बसतात, सतरावं आलं की प्रत्येक केंद्रावर दुसरं युनिट. २०१९ ला निजामाबादमध्ये हळदीच्या भावासाठी शेतकऱ्यांनी ढिगाने अर्ज भरले, १८५ उमेदवार उभे राहिले आणि प्रत्येक केंद्रावर १२ बॅलट युनिटं जोडावी लागली. एम-२ ला चारच युनिटं जोडता यायची, एम-३ ला २४ जोडता येतात म्हणून ते निभावलं. तेवढी युनिटं, त्यांची वाहतूक, तपासणी, इंजिनिअर हे सगळं ऐनवेळी उभं करायचं म्हणजे काय असतं ते निवडणूक शाखेत बसलेल्यालाच कळतं.

पण लोक ज्याचा हिशोब कधीच धरत नाहीत तो खर्च पुढे सुरू होतो, राखणीचा. मशीन पाच वर्षांत मोजके दिवस काम करतं आणि बाकीचा सगळा काळ गोदामात पडून असतं, पण पडून असताना त्याला एकटं सोडता येत नाही. जिल्ह्याला वेगळं गोदाम लागतं, दुहेरी कुलूप, सीसीटीव्ही, चोवीस तास पोलिस पहारा, आणि कुलूप उघडायचं झालं तर मान्यताप्राप्त पक्षांना लेखी कळवून त्यांच्या प्रतिनिधींसमोर उघडायचं, व्हिडिओ काढायचा, परत सील करायचं. ठराविक काळाने तपासणी असते, कंट्रोल युनिटच्या बॅटऱ्या काढून ठेवायच्या असतात, वाळवी, ओल, उंदीर यांचं बघावं लागतं, प्रत्येक युनिटचा नंबर सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या खोलीत कुठल्या पेटीत आहे ते जुळलं पाहिजे. निवडणूक जवळ आली की प्रथमस्तरीय तपासणी, म्हणजे एफएलसी. त्याला बीईएल किंवा ईसीआयएल या मशीनं बनवणाऱ्या सरकारी कंपन्यांचे इंजिनिअर येतात, जिल्ह्यातलं एकेक युनिट उघडून साफ करून बटणं दाबून बघतात, काही टक्के मशीनवर हजाराच्या घरात मतं टाकून बघतात, नापास झालेलं बाजूला निघतं. मग कुठलं मशीन कुठल्या तालुक्याला आणि पुढे कुठल्या केंद्राला याची संगणकावर दोनदा सरमिसळ. मग उमेदवार ठरल्यावर मतपत्रिका लावायची, व्हीव्हीपॅटमध्ये चिन्हं लोड करायची, परत मॉक पोल, म्हणजे चाचणीचं मतदान. मग स्ट्राँगरूम, मग साहित्य वाटप, एसटी, जीप, जीपीएस. मतदान झालं की परत स्ट्राँगरूम, आणि निकालानंतरही ४५ दिवस मशीन हलवायचं नाही कारण त्या मुदतीत कोणी हायकोर्टात निवडणूक याचिका टाकू शकतो. याचिका टाकलीच तर ती मशीनं निकाल लागेपर्यंत अडकली, आणि पुढच्या निवडणुकीला तेवढी दुसरीकडून मागवायची.

हा सगळा पैसा गोदाम बांधकाम, पोलिस बंदोबस्त, वाहतूक, भत्ता अशा वेगवेगळ्या शीर्षांखाली पडतो, थोडा केंद्राचा थोडा राज्याचा, त्यामुळे "ईव्हीएमचा खर्च किती" या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर मिळत नाही. लोकसभेचा खर्च केंद्राचा, विधानसभेचा राज्याचा, दोन्ही एकत्र असतील तर निम्मा निम्मा. आणि ग्रामपंचायत, झेडपी, नगरपालिका, महापालिका यांच्यासाठी राज्य निवडणूक आयोग वेगळा, त्याची मशीनं वेगळी, त्यांचा साठा वेगळा. दोन आयोग, दोन गोदामं, दोन तपासण्या. यात बचतीला खूप जागा आहे पण त्यावर कोणी बोलताना दिसत नाही.

आता बॅलेट स्वस्त का? आयोग म्हणतं की मशीनमुळे एका लोकसभेला सुमारे १०,००० टन कागद वाचतो. कागद ही त्यातली लहान बाब आहे. ज्यांनी पेट्यांच्या काळात काम केलंय त्यांना विचारा, मतपत्रिका सरकारी छापखान्यातून बंदोबस्तात आणायच्या, प्रत्येकीचा हिशोब, मोजणीला आधी सगळ्या पेट्यांमधल्या पत्रिका मिसळायच्या, मग गठ्ठे बांधायचे, मग बाद मतांवर भांडण, शिक्का दोन खान्यांच्या मध्ये पडलाय की कुणाकडे जास्त झुकलाय यावर टेबलाटेबलावर वाद, दोन दोन रात्री लोक झोपलेले नसायचे, आणि दमलेल्या माणसाच्या हातून एका उमेदवाराचा गठ्ठा दुसऱ्याच्या ढिगात जाणं अजिबात अवघड नव्हतं. दुसरं म्हणजे बूथ ताब्यात घेणं. बिहार, उत्तर प्रदेशचं नाव लोक घेतात पण आपल्याकडेही काही पट्ट्यांत व्हायचंच. पेटीत अर्ध्या तासात पाचशे पत्रिका कोंबता येतात, मशीन मिनिटाला चार-पाचच्या वर मतं घेत नाही आणि केंद्राध्यक्षाने क्लोजचं बटण दाबलं की संपलं. प्रत्येक मताची वेळही कंट्रोल युनिटमध्ये नोंदली जाते. मी दोन्ही बघितलंय आणि परत पेटीवर जावं असं मला वाटत नाही. ज्यांना वाटतं ते मूर्ख आहेत असंही वाटत नाही, त्यांचं मूळ म्हणणं "मला दिसलं पाहिजे" हे आहे आणि ते शंभर टक्के रास्त आहे.

त्या दिसण्यासाठीच व्हीव्हीपॅट आलं. मत दिलं की काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि खाली पडते. पहिला वापर सप्टेंबर २०१३ ला नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत, आणि २०१९ च्या लोकसभेपासून सगळ्या केंद्रांवर. पण खरं सांगायचं तर तीन युनिटांमध्ये सगळ्यात नाजूक तेच आहे. आत प्रिंटर आहे, सेन्सर आहेत, थर्मल कागदाचा रोल आहे, हलणारे भाग आहेत. २८ मे २०१८ ची भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणूक आठवत असेल, विदर्भातला मे महिना, व्हीव्हीपॅट इतकी बंद पडली की ४९ केंद्रांवर ३० मे ला फेरमतदान घ्यावं लागलं. त्याच दिवशी उत्तर प्रदेशात कैरानालाही तेच झालं. नंतर बल्बचा किंवा खिडकीचा थेट उजेड व्हीव्हीपॅटवर पडू द्यायचा नाही, अशा सूचना आल्या, हार्डवेअरमध्ये दुरुस्त्या झाल्या, आता बिघाड पुष्कळ कमी झालाय. पण राखीव युनिटं ठेवावी लागतात, आणि झोनल ऑफिसरच्या गाडीत जी राखीव मशीनं फिरतात त्यांच्यावरच पुढे गावात संशयाची चर्चा होते, कारण लोकांना ती कशासाठी आहेत हे कोणी सांगितलेलं नसतं. राखीव मशीनची यादीही उमेदवारांना दिलेली असते, ती मागून घ्या.

आता मूळ मुद्दा. निवडणूक नियमांत ५६-डी म्हणून नियम आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की मशीनचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा जुळला नाही तर चिठ्ठ्यांचा आकडा धरायचा. म्हणजे कायद्याने कागद मशीनपेक्षा वरचढ आहे. आणि तरी आपण मोजतो किती? एप्रिल २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रात एकाऐवजी पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायला सांगितल्या, तेच अजून चालू आहे. नोव्हेंबर २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेला एक लाखाच्या आसपास मतदान केंद्रं होती, २८८ गुणिले पाच म्हणजे १,४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या, एकाही ठिकाणी फरक आला नाही असं आयोगाने जाहीर केलं. फरक आला नाही हे मी मानतो, मोजणीच्या टेबलावर माझा अनुभवही तसाच आहे. पण दीड टक्का बघून गप्प बसा असं हरलेल्या माणसाला सांगता येत नाही, विशेषतः त्याच्या गावाची पेटी त्या पाचात आलीच नसेल तर.

संख्याशास्त्रवाले म्हणतात देशभरात ४७९ मशीनं तपासली तरी पुरे, असा इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या तज्ज्ञांचा अहवाल आयोगाने कोर्टात दिला होता. गणित म्हणून ते ठीक असेल, पण ते "देशभरातली मशीनं सरसकट ठीक आहेत का" या प्रश्नाचं उत्तर आहे. उमेदवाराचा प्रश्न वेगळा असतो, माझ्या मतदारसंघात आठशे मतांनी मी हरलो ते बरोबर आहे का. त्याला देशाचा नमुना देऊन उपयोग नाही.

यावर नेहमीचं उत्तर, वेळ लागेल. २०१९ ला आयोगाने सांगितलं की ५० टक्के चिठ्ठ्या मोजायच्या तर निकाल पाच-सहा दिवस लांबेल, एका केंद्राच्या चिठ्ठ्यांना साधारण एक तास धरून. पण तो हिशोब एका टेबलावर एकामागून एक मोजायचं धरून आहे. आपल्या विधानसभा क्षेत्रात सरासरी ३५० केंद्रं आणि मोजणीच्या हॉलमध्ये १४ टेबलं असतात. सगळ्या टेबलांवर एकाच वेळी चिठ्ठ्या मोजल्या तर २५ फेऱ्या, म्हणजे सगळ्याच्या सगळ्या मोजायला २५ तास. दोन पाळ्या लावल्या तर निकाल दीड-दोन दिवस उशिरा. महिना महिना टप्प्याटप्प्याने मतदान घेणारा देश दोन दिवस थांबू शकतो. आणि सगळीकडे सगळ्या मोजायचीही गरज नाही, अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात २०१७ पासून अशी पद्धत आहे की फरक जितका कमी तितके जास्त कागद तपासायचे, मोठ्या फरकाने निकाल लागला असेल तर थोडक्यात भागतं, अटीतटीची लढत असेल तर तपासणी वाढत जाते. आपल्याकडे हे उद्या लागू करता येईल, त्याला नवीन मशीन लागत नाही, फक्त आणखी मोजणी कर्मचारी, त्यांचा भत्ता आणि जेवण. हजारो कोटींच्या डब्यांपुढे हा खर्च काहीच नाही.

२६ एप्रिल २०२४ ला सुप्रीम कोर्टाने १०० टक्के चिठ्ठ्या मोजायची आणि बॅलेटवर परत जायची, दोन्ही मागण्या फेटाळल्या. पण त्याच निकालात दोन कामाच्या गोष्टी आहेत. एक, चिठ्ठ्या मशीनने मोजता येतील का आणि चिन्हाबरोबर बारकोड छापता येईल का ते आयोगाने बघावं. दुसरी, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने सात दिवसांत लेखी मागणी केली तर विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के मशीनची तपासणी कंपनीच्या इंजिनिअरकडून, खर्च उमेदवाराचा, छेडछाड सापडली तर पैसे परत. आयोगाने २०२४ मध्ये याची फी ४०,००० अधिक जीएसटी म्हणजे एका सेटला ४७,२०० ठरवली. नवीन सेटची अंदाजी किंमत ३३,७०० आणि तपासणी ४७,२०० ला, हे मला कधीच पटलेलं नाही. तपासणी ही कुणा उमेदवाराची हौस नाही, सार्वजनिक काम आहे, तिचा बराचसा भार सरकारनेच उचलायला हवा. विधानसभेनंतर आपल्या राज्यात दहा मतदारसंघांत अशी तपासणी झाली, दोष निघाला नाही.

मारकडवाडीचं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. माळशिरस तालुक्यातलं गाव, निकाल पटला नाही म्हणून ३ डिसेंबर २०२४ ला गावकऱ्यांनी स्वतःच बॅलेटवर मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनाने जमावबंदी लावली, शेवटी ते रद्द झालं. कायद्याने ते घेता येत नव्हतंच, आणि तसं मतदान झालं असतं तरी सगळ्या गावासमोर कोण कुणाचा ते उघड व्हायची भीती, लोक मोकळेपणाने शिक्का मारतील याची काय खात्री. पण माझं म्हणणं असं की त्या गावाच्या केंद्रांच्या चिठ्ठ्या तर होत्याच, निकालानंतर त्या काळ्या पाकिटात सीलबंद ठेवतात. सगळ्यांसमोर त्या मोजल्या असत्या तर तासाभरात गावाला उत्तर मिळालं असतं, जे काय निघालं असतं ते. निकाल जाहीर झाल्यावर तशी सोय कायद्यात नाही, कोर्टात जावं लागतं. ही सोय केली पाहिजे. पोलिसांची गाडी पाठवण्यापेक्षा पाकीट उघडणं स्वस्त पडतं आणि लोकांचा राग पण शांत होतो.

बाहेरच्या देशांचं विचारलंय तर आयर्लंडचं उदाहरण नीट समजून घ्या, कारण पैसा पाण्यात जाणं म्हणजे काय ते तिथे दिसतं. त्यांनी २००२ मध्ये तीन मतदारसंघांत चाचणी घेतली, देशभरासाठी साडेसात हजारांच्या आसपास नेडॅप कंपनीची मशीनं घेतली, आणि २००४ मध्ये त्यांच्याच तज्ज्ञ आयोगाने अचूकतेची आणि गुप्ततेची खात्री देता येत नाही म्हटल्यावर ती गुंडाळून ठेवली. कागदी पुरावा नव्हताच. मग वर्षानुवर्षं गोदामभाडं, काही ठिकाणी तर गोदामांचे करार २५ वर्षांचे. एकूण खर्च पाच कोटी युरोच्या वर गेला आणि २०१२ मध्ये सगळी मशीनं ७०,२६७ युरोला भंगारात विकली, एकेक साधारण नऊ युरोला. नेदरलँड्सने त्याच सुमाराला मशीनं सोडून परत कागद आणि पेन्सिल घेतली. जर्मनीत मार्च २००९ मध्ये घटना न्यायालयाने मशीनं घटनाबाह्य ठरवली, कारण काय तर साध्या नागरिकाला कसलंही खास ज्ञान नसताना मतमोजणी तपासता आली पाहिजे. घोटाळा झाल्याचं सिद्ध झालं म्हणून नाही, तपासता येत नाही एवढ्याच कारणावर. आपल्याकडे नेमका तो तपासायचा कागद आहे, तो त्यांच्याकडे नव्हता, म्हणून आयर्लंडसारखं आपलं होईलच असं मी म्हणत नाही.

आपलाही सुरुवातीचा काळ असाच अधांतरी गेलाय. १९८२ मध्ये केरळातल्या परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर पहिल्यांदा मशीन वापरलं, १९८४ ला सुप्रीम कोर्टाने कायद्यात तरतूदच नाही म्हणून ते मतदान रद्द केलं, तिथे परत बॅलेटवर घ्यावं लागलं. १९८८ च्या डिसेंबरात कायदा बदलला, पाठोपाठ मशीनं घेतली, आणि ती १९९८ पर्यंत जवळजवळ पडूनच होती. १९९९ ला गोव्यात पहिल्यांदा अख्ख्या राज्याची विधानसभा मशीनवर झाली आणि २००४ ला सगळा देश. म्हणजे विकत घेतल्यापासून कामाला लागेपर्यंत मशीनचं अर्धं आयुष्य गोदामात गेलं. खरेदी आधी आणि लोकांची खात्री नंतर असा उलटा क्रम लावला की हेच होतं.

पुढचं सांगायचं तर २०२९ कडे लक्ष ठेवा. एम-३ मशीनं २०१३ पासून घेतलीत, पंधरा वर्षं म्हणजे पहिली २०२८ ला निवृत्त होणार, मग दरवर्षी थोडी थोडी. त्यातच एक देश एक निवडणूक, डिसेंबर २०२४ मध्ये घटनादुरुस्तीचं विधेयक लोकसभेत मांडलं, संयुक्त समितीकडे गेलं. ते झालं तर एकाच दिवशी एका केंद्रावर दोन सेट लागतील, आयोगाचा अंदाज ३३ लाखांच्या वर कंट्रोल युनिटं, ४६ लाखांच्या वर बॅलट युनिटं आणि ३६ लाखांच्या वर व्हीव्हीपॅट असा आहे, आणि देशात ती बनवणाऱ्या कंपन्या दोनच. गोदामं किती लागतील याचा विचार करा. दुसऱ्या बाजूला कर्नाटक मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्थानिक निवडणुका बॅलेटवर घ्याव्यात अशी शिफारस केली. स्थलांतरित मजुरांसाठी एका मशीनवर ७२ मतदारसंघांचं मतदान घेणारं जे यंत्र जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवणार होते, ते विरोधामुळे तिथेच थांबलं. आणि आपल्या राज्यात स्थानिक निवडणुकांना व्हीव्हीपॅट वापरत नाहीत, ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य आयोगाने तसं सांगितलं, बहुसदस्यीय प्रभागात एकाच मतदाराला तीन-चार मतं द्यायची असतात त्यामुळे तांत्रिक अडचण आहे असं कारण. अडचण खरी आहे, पण म्हणून ज्या निवडणुकीत पाच-दहा मतांनी निकाल फिरतो तिथेच कागद नाही ही परिस्थिती मला सगळ्यात जास्त खटकते. पैसा घालायचाच असेल तर पहिला इथे घाला.

माझा अंदाज, लोकसभा-विधानसभेला मशीनं राहतील, कागदाचं वजन मात्र वाढत जाईल, आणि पुढच्या खरेदीच्या आधी बारकोडवाली चिठ्ठी आणि ती मोजणारं साधं यंत्र मागितलं नाही तर पुढची पंधरा वर्षं आपण हाच वाद घालत बसू.

आता तुमचं पोलिंग एजंटचं. सकाळी मतदानाच्या दीड तास आधी पोचा, मॉक पोल तुमच्यासमोर व्हायला पाहिजे, किमान ५० मतं, चिठ्ठ्या बाहेर काढून मोजून आकडा जुळवायचा, मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं त्याच क्रमाने दाबून मशीन शून्यावर आलेलं स्वतः बघायचं आणि व्हीव्हीपॅटचा डबा रिकामा झालाय तेही. क्लिअर करायचं राहिलं तर ते मशीन मोजणीत बाजूला ठेवावं लागतं आणि मग उगाच बोंबाबोंब होते. सीलवर सही करा आणि सीलचे नंबर उतरवून घ्या, तिन्ही युनिटांचे नंबर उमेदवाराला मिळालेल्या यादीशी जुळवा. अधूनमधून टोटलचं बटण दाबून आलेला आकडा मतदार नोंदवहीच्या अनुक्रमांकाशी पडताळायला केंद्राध्यक्षाला सांगता येतं. संध्याकाळी कितीही उशीर झाला तरी नमुना १७-सी ची सही केलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नका, एकूण किती मतं पडली ते त्यात असतं आणि मोजणीच्या दिवशी तुमच्या माणसाच्या हातात ती प्रत पाहिजे. मोजणीला बसणाऱ्याने कंट्रोल युनिटच्या स्क्रीनवरचे आकडे स्वतःच्या वहीत उतरवायचे, कुणी वाचून दाखवलेले नाही. पानिपत जिल्ह्यातल्या एका गावाची सरपंच निवडणूक सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाच्या आवारात मशीनं परत मोजली आणि ५१ मतांनी निकाल उलटा झाला, जवळजवळ तीन वर्षांनी. मशीनमधले आकडे पहिल्या दिवसापासून बरोबर होते, एका बूथच्या कागदावर दोन उमेदवारांची मतं एकमेकांच्या नावापुढे लिहिली गेली होती. त्या टेबलाशी बसलेल्या एखाद्या प्रतिनिधीने स्क्रीन आणि कागद ताडून बघितला असता तर ते तिथल्या तिथे, पाच मिनिटांत मिटलं असतं.